कोपर आणि मनगटाचा एक्स-रे वाचताना: नैसर्गिक काय, संशयास्पद काय

पडून हात दुखावलेल्या रुग्णाचा एक्स-रे सगळ्यात आधी पाहणारा माणूस सहसा रेडिओलॉजिस्ट नसतो. तो कॅज्युअल्टीतला निवासी डॉक्टर असतो, इंटर्न असतो, कधी फिल्म काढणारा तंत्रज्ञच असतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कोपर आणि मनगटाच्या बाबतीत दोन चुका सारख्याच सहजतेने होतात. असलेलं फ्रॅक्चर नजरेतून सुटतं आणि नसलेलं फ्रॅक्चर ‘सापडतं’. दुसऱ्या चुकीची चर्चा फारशी होत नाही, पण तिच्यापायी एखाद्या मुलाचा धडधाकट हात तीन आठवडे प्लास्टरमध्ये अडकतो. ती टाळायची तर नॉर्मल हाड किती तऱ्हांनी दिसू शकतं, हे डोळ्यांत बसायला हवं.

आधी फिल्म तपासा, मग हाड

नाव, तारीख, डावा-उजवा हे सगळे बघतात. पोझिशन बघायची मात्र राहून जाते, आणि निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात.

कोपराचा समोरून काढलेला एपी व्ह्यू हात पूर्ण सरळ आणि तळवा वर ठेवून घेतलेला हवा. दुखण्यामुळे रुग्णाला कोपर सरळ करता येत नसेल, तर एकाच फिल्ममध्ये सगळं बसवू नका. एकदा दंड कॅसेटला (फिल्मच्या पेटीला) टेकवून आणि एकदा पुढचा हात टेकवून, अशा दोन वेगळ्या फिल्म घ्या. लॅटरल, म्हणजे बाजूने काढलेल्या, व्ह्यूसाठी कोपर ९० अंशांत वाकलेलं, खांदा आणि कोपर एकाच पातळीत आणि अंगठा वर हवा. लॅटरल खरोखर लॅटरल आहे का, हे ह्युमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, खालच्या टोकावरून कळतं. पुढचा कोरोनॉइड फोसा आणि मागचा ओलेक्रेनॉन फोसा या दोन खोबणींच्या कडांमुळे तिथे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी स्पष्ट आकृती दिसते, आणि कॅपिटेलम व ट्रॉक्लिया या ह्युमरसच्या टोकाच्या बाहेरच्या आणि आतल्या गोलाईंची वर्तुळं एकमेकांवर येतात. हे दिसत नसेल तर फिल्म तिरकी आहे. अशा फिल्मवर रेषा काढून निष्कर्ष काढण्यापेक्षा ती पुन्हा घ्यावी.

मनगटाच्या पीए, म्हणजे हाताच्या पाठीकडून काढलेल्या, व्ह्यूसाठी खांदा ९० अंश बाजूला, कोपर ९० अंशांत आणि तळवा सपाट टेकलेला हवा. अल्नाचा (पुढच्या हातातल्या करंगळीकडच्या हाडाचा) स्टायलॉइड, म्हणजे खालचं टोकदार टोक, बरोबर बाहेरच्या कडेला दिसला तर पोझिशन ठीक आहे. तो अल्नाच्या डोक्याच्या मध्यावर आलेला असेल तर पुढचा हात फिरलेला आहे. तिसऱ्या मेटाकार्पलचा (तळहातातल्या लांब हाडाचा) अक्ष रेडियसच्या (पुढच्या हातातल्या अंगठ्याकडच्या हाडाच्या) अक्षाशी सरळ रेषेत आहे का, तेही बघा, कारण मनगट अंगठ्याकडे किंवा करंगळीकडे कललं की कार्पल हाडांचा, म्हणजे मनगटातल्या छोट्या हाडांचा, आकार आणि त्यांच्यामधली अंतरं दोन्ही बदलतात. मनगटाच्या लॅटरलची खूण आहे पिसिफॉर्म हे कार्पल हाड. त्याची तळव्याकडची कड स्कॅफॉइड या कार्पल हाडाच्या खालच्या टोकाची कड आणि कॅपिटेट या दुसऱ्या कार्पल हाडाची कड यांच्या मधोमध पडायला हवी.

कोपर: चरबीची सावली

कोपरात मी हाडाआधी चरबी बघतो, आणि नवशिक्यांनाही तोच क्रम सांगतो. लॅटरल फिल्मवर ह्युमरसच्या पुढे, हाडाला चिकटून काळपट पातळ पट्टी दिसते. तो पुढचा फॅट पॅड, आणि तो दिसणं नॉर्मल आहे. सांध्यात रक्त किंवा पाणी साचलं की ती पट्टी हाडापासून उचलली जाते आणि तिला शिडासारखा त्रिकोणी आकार येतो. मागचा फॅट पॅड ओलेक्रेनॉन फोसाच्या खोबणीत दडलेला असतो. ९० अंशांत वाकवलेल्या कोपराच्या चांगल्या लॅटरलवर तो दिसता कामा नये. दिसला आणि दुखापतीचा इतिहास असेल, तर फ्रॅक्चरची रेषा सापडो वा न सापडो, सांध्याच्या आत काहीतरी झालं आहे असं धरून चाला. प्रौढात ते बहुधा रेडियल हेडचं, म्हणजे रेडियसच्या वरच्या टोकाचं, फ्रॅक्चर निघतं, मुलात सुप्राकॉन्डायलर, म्हणजे ह्युमरसचं कोपराच्या जरा वरचं.

इथे दोन सापळे आहेत. हात सरळ असताना घेतलेल्या लॅटरलवर ओलेक्रेनॉन (अल्नाचं कोपरामागचं टोक) त्या खोबणीत शिरतं आणि मागची चरबी बाहेर ढकलतं, त्यामुळे नॉर्मल कोपरातही मागचा फॅट पॅड दिसतो. दुसरा सापळा उलट्या बाजूचा आहे. सांध्याची कॅप्सूलच, म्हणजे त्याभोवतीची पिशवी, फाटली असेल तर रक्त बाहेर निसटतं आणि फॅट पॅड जागेवरच राहतो. म्हणून फॅट पॅड नॉर्मल आहे एवढ्यावर फ्रॅक्चर नाही असं लिहू नये. आणि इजा झालेलीच नसेल, तर उचललेला फॅट पॅड संधिवात किंवा जंतुसंसर्गाचाही असू शकतो.

दोन रेषा

पहिली रेडिओकॅपिटेलर रेषा. रेडियसच्या मानेच्या मधून काढलेली रेषा प्रत्येक व्ह्यूमध्ये कॅपिटेलममधून गेली पाहिजे. ती मानेतूनच काढा, खालच्या लांब दांड्यातून नको. मानेखालच्या ट्युबरॉसिटी या उंचवट्याजवळ रेडियसला नैसर्गिक बाक असतो आणि दांड्याची रेषा भलतीकडे जाते. अल्ना मोडलेली दिसली की ही रेषा तपासल्याशिवाय फिल्म खाली ठेवू नका. अल्ना मोडणं आणि रेडियल हेड निखळणं ही जोडी, म्हणजे मॉन्टेजिया, आजही सुटते, कारण मोडकं हाड सापडलं की डोळा तिथेच थांबतो.

रेषा चुकली म्हणजे इजा ताजीच आहे असंही नाही. जन्मजात निखळलेल्या रेडियल हेडमध्ये हेडचा वरचा भाग खोलगट नसून घुमटासारखा गोल असतो, कॅपिटेलम खुरटलेला असतो, आणि पुष्कळदा दोन्ही कोपरांत तीच गोष्ट असते. लहान बाळांत कॅपिटेलमचं केंद्र पूर्ण भरलेलं नसल्यामुळे एपी व्ह्यूवर रेषा थोडी बाजूला जाऊ शकते. त्या वयात लॅटरलवर जास्त विसंबा.

दुसरी अँटिरियर ह्युमरल रेषा. लॅटरलवर ह्युमरसच्या पुढच्या कडेवरून खाली ओढलेली ही रेषा कॅपिटेलमच्या मधल्या तिसऱ्या भागातून जाते. कॅपिटेलम मागे सरकलेला असेल तर सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चरचा संशय घ्या. पण चार वर्षांखालच्या मुलांत ही रेषा पुढच्या तिसऱ्या भागातून जाणंही नॉर्मल असू शकतं. आणि फिल्म तिरकी असेल, तर या रेषेवर भरवसा नाही.

मुलांचं कोपर: सहा केंद्रं, एक क्रम

मोठ्यांचं कोपर वाचता येणारेही मुलांच्या कोपरापुढे अडखळतात, कारण तिथे सहा हाडकेंद्रं, म्हणजे कूर्चेचं हाड होऊ लागतं त्या जागा, वेगवेगळ्या वयात उगवतात. कॅपिटेलम, रेडियल हेड, आतला म्हणजे मीडियल एपिकॉन्डाइल (कोपराच्या बाजूचा उंचवटा), ट्रॉक्लिया, ओलेक्रेनॉन आणि बाहेरचा लॅटरल एपिकॉन्डाइल. सोयीसाठी वयं १, ३, ५, ७, ९, ११ अशी लक्षात ठेवतात. मुलींमध्ये ही केंद्रं लवकर दिसतात आणि वर्ष-दोन वर्षांचा फरक कुणातही असू शकतो. वयांपेक्षा क्रम जास्त भरवशाचा आहे.

या क्रमातली सगळ्यात कामाची जागा तिसरी आणि चौथी. मीडियल एपिकॉन्डाइल ट्रॉक्लियाच्या आधी दिसायला हवा. ट्रॉक्लियाच्या जागी हाडाचा तुकडा आहे, पण आतल्या बाजूला एपिकॉन्डाइल नाही, असं दिसलं तर तो तुकडा ट्रॉक्लिया नसून तुटून सांध्यात अडकलेला एपिकॉन्डाइल असू शकतो. कोपर निखळून आपोआप बसलेल्या मुलात हे घडतं. मोठ्या मुलांत मीडियल एपिकॉन्डाइल कॅप्सूलच्या बाहेर असतो, म्हणून तो तुटूनही फॅट पॅड उचलला जाईलच असं नाही. तिथे आतल्या बाजूची सूज आणि दुखरी जागा महत्त्वाची.

आता मुलांमधल्या नॉर्मल पण फसव्या गोष्टी. ट्रॉक्लियाचं केंद्र सुरुवातीपासूनच खडबडीत, दोन-तीन तुकड्यांत दिसतं. त्याला फ्रॅक्चर किंवा हाड कुजलं म्हणू नका. लॅटरल एपिकॉन्डाइल पहिल्यांदा पातळ चकतीसारखा दिसतो, आणि तोही ह्युमरसपासून थोडा दूर, कारण कूर्चेचा बाहेरचा भाग आधी हाड होतो. चकती ह्युमरसच्या कडेला समांतर असेल आणि वरची त्वचा-स्नायूंची सावली फुगलेली नसेल, तर ती सोडून द्या. रेडियसच्या मानेवर बाहेरच्या बाजूला छोटी खाच असू शकते, आणि मानेचा १५ अंशांपर्यंतचा कल नॉर्मल धरतात. ओलेक्रेनॉनची केंद्रं एकाऐवजी दोन असू शकतात. त्याची फायसिस, म्हणजे हाड वाढतं तो कूर्चेचा थर, बंद होतानाही फसवते. ती आधी सांध्याच्या बाजूने जुळते आणि मागची बाजू उघडी राहते, त्यामुळे मागून आत गेलेली अर्धवट भेग वाटते. तिच्या कडा पांढरट, दाट असतात. ताज्या फ्रॅक्चरच्या तशा नसतात.

दुसऱ्या कोपराची तुलनेसाठी फिल्म सरसकट काढू नये. मुलाला विनाकारण किरण मिळतात, आणि दोन फिल्म शेजारी ठेवल्याने गोंधळ कमीच होतो असं नाही. आधी क्रम, रेषा आणि दुखरी जागा यांवर विचार करा. तरीही अडलात तर जरूर काढा.

प्रौढांच्या कोपरातले प्रकार

ह्युमरसच्या खालच्या भागात, मीडियल एपिकॉन्डाइलच्या सुमारे ५ सेंटिमीटर वर, पुढच्या-आतल्या बाजूला कधी कधी हाडाचा छोटा काटा दिसतो. हा सुप्राकॉन्डायलर प्रोसेस. तो साधारण शंभरातल्या एखाद्या माणसात सापडतो. त्याचं टोक कोपराच्या सांध्याकडे वळलेलं असतं. ऑस्टिओकॉन्ड्रोमा ही गाठ मात्र सांध्यापासून दूर वाढते, आणि तिचा गर मूळ हाडाच्या गराशी जोडलेला असतो. दोघांत फरक करायला एवढं पुरतं. एपी व्ह्यूमध्ये हा काटा हाडावर पडून लपतो, लॅटरल किंवा तिरक्या व्ह्यूत उठून दिसतो. काट्यापासून एपिकॉन्डाइलपर्यंत स्ट्रुथर्स लिगामेंट जातं आणि त्याखाली मीडियन नर्व्ह आणि ब्रेकियल धमनी दाबल्या जाऊ शकतात. म्हणून बोटांत मुंग्या येणाऱ्या रुग्णात हा काटा रिपोर्टमध्ये लिहायलाच हवा. इतरांत नोंद पुरे.

ओलेक्रेनॉन फोसाचं पातळ हाड काहींमध्ये आरपार उघडं असतं. एपीवर गुळगुळीत कडेचं काळं लंबगोल छिद्र दिसतं, ते हाड खाणाऱ्या आजाराचं नव्हे. रेडियसची ट्युबरॉसिटी समोरून पाहिली की गोल काळा डाग दिसतो आणि गाठ म्हणून रिपोर्ट होते. बाजूचा व्ह्यू बघितला की शंका फिटते. ट्रायसेप्सच्या स्नायुबंधात ओलेक्रेनॉनच्या वर सुटं गोल हाड असू शकतं, त्याला पटेला क्युबिटी म्हणतात. आणि ओलेक्रेनॉनची फायसिस क्वचित प्रौढ वयातही न जुळता राहते, विशेषतः फेकीच्या खेळाडूंमध्ये.

लॅटरलवर रेडियल हेड आणि अल्नाचं पुढचं टोक, म्हणजे कोरोनॉइड, एकमेकांवर पडतात. दोन कडा एकमेकींवर आल्या की मधे काळी रेघ असल्याचा भास होतो, याला माख इफेक्ट म्हणतात. रेघ हाडाच्या हद्दीबाहेर, शेजारच्या मांसावरही पुढे जात असेल तर ते फ्रॅक्चर नाही. रेडियल हेडबद्दल खरीच शंका असेल तर रेडियल हेड-कॅपिटेलम व्ह्यू मागवा. त्यात नळी ४५ अंश तिरकी ठेवतात आणि हेड कोरोनॉइडपासून सुटं दिसतं.

मनगट: तीन कमानी

पीए फिल्मवर गिलुला यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या तीन कमानी बोटाने फिरवून बघा. पहिली स्कॅफॉइड, ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रम या वरच्या रांगेतल्या कार्पल हाडांच्या वरच्या, म्हणजे पुढच्या हाताकडच्या कडांवरून. दुसरी त्याच तीन हाडांच्या खालच्या खोलगट कडांवरून. तिसरी खालच्या रांगेतल्या कॅपिटेट आणि हॅमेटच्या वरच्या गोलाईवरून. तिन्ही सलग आणि एकमेकींना समांतर असतात. तुटक कमान म्हणजे तिथे लिगामेंटची (हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची) किंवा हाडाची इजा असू शकते.

पण कमान मोडायला इजाच लागते असं नाही. मनगट एका बाजूला कललेलं असेल तर नॉर्मल माणसातही ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रममध्ये पायरी दिसते. ट्रायक्वेट्रम आखूड असेल तर पहिल्या कमानीत टप्पा येतो. आणि काहींच्या ल्युनेटला खालच्या बाजूला हॅमेटसाठी वेगळी फॅसेट, म्हणजे सांध्याचा छोटा सपाट भाग, असते. अशा ल्युनेटला टाइप दोन म्हणतात आणि तो इतका सर्रास आढळतो की त्याला वेगळेपण म्हणायलाही संकोच वाटतो. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या कमानीची ठेवण जरा बदललेली दिसते.

हाडांमधली अंतरं साधारण २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी आणि सगळीकडे सारखी असतात. स्कॅफॉइड आणि ल्युनेटमधलं अंतर सांध्याच्या मध्यावर मोजा. ३ मिलिमीटर असेल तर शंका घ्या, ४ किंवा जास्त असेल तर लिगामेंट फाटल्याचा संशय पक्का धरा. मूठ आवळून काढलेली फिल्म लपलेली फट उघड करते. दोन्ही मनगटांत फट सारखीच रुंद असेल आणि जुनी तक्रार नसेल, तर ती त्या माणसाची ठेवण असू शकते. लहान मुलांत ही फट मोठी दिसणारच, कारण मधली कूर्चा अजून हाड झालेली नसते.

ल्युनेटचा आकार पीएवर चौकोनी दिसायला हवा. तो त्रिकोणी दिसला तर लगेच लॅटरलकडे वळा. मनगट अंगठ्याकडे कललं की स्कॅफॉइड आडवा पडतो, आखूड दिसतो आणि त्याच्या टोकाची गोल रिंग उमटते. नॉर्मल पोझिशनमध्येही रिंग दिसली आणि फट रुंद असेल, तेव्हाच तिला अर्थ आहे. हॅमेटचा हुक पीएवर छोट्या दाट वर्तुळासारखा दिसतो. ते वर्तुळ नाही म्हणजे हुक तुटला, असं शिकवतात, पण काहींचा हुक जन्मतःच खुरटा असतो. तिथे कार्पल टनेल व्ह्यू किंवा सीटी निकाल देतं.

लॅटरलची सरळ रेषा

लॅटरलवर रेडियस, ल्युनेट, कॅपिटेट आणि तिसरं मेटाकार्पल जवळपास एका ओळीत असतात. ल्युनेटच्या खोलगट भागात कॅपिटेटचं डोकं बसलेलं असतं. तो भाग रिकामा दिसला तर ल्युनेट किंवा त्याभोवतालची हाडं निखळली आहेत, आणि ही सुटू देण्यासारखी गोष्ट नाही. स्कॅफॉइड-ल्युनेट कोन ३० ते ६० अंश असतो. मनगट वाकलेलं असताना काढलेल्या फिल्मवर ल्युनेट कलतो आणि कोन बिघडल्यासारखे वाटतात, म्हणून कोन मोजण्याआधी पोझिशन बघा.

रेडियसचा खालचा सांध्याचा पृष्ठभाग तळव्याकडे सरासरी ११ अंश झुकलेला असतो. पीएवर त्याचा कल साधारण २२ अंश आणि उंची ११ ते १२ मिलिमीटर भरते. मागच्या बाजूचा लिस्टर ट्युबरकल लॅटरलवर उंचवटा म्हणून दिसतो, तो कॉर्टेक्सचा, म्हणजे हाडाच्या बाहेरच्या टणक थराचा, टवका नव्हे. ट्रायक्वेट्रमच्या मागच्या कडेवरून उडालेला टवका मात्र खरा असतो आणि बहुधा लॅटरललाच दिसतो. पीएवर तो शोधत बसण्यात वेळ जातो.

अल्ना लांब की आखूड

अल्ना आणि रेडियसच्या टोकांच्या पातळीतला फरक म्हणजे अल्नर व्हेरियन्स. अल्ना आखूड असेल तर मायनस, लांब असेल तर प्लस. दोन्ही निरोगी माणसांत आढळतात. मायनसचा संबंध कीनबॉक आजाराशी, म्हणजे ल्युनेटच्या रक्तपुरवठ्याच्या बिघाडाशी, जोडला जातो. प्लसमध्ये अल्ना ल्युनेट-ट्रायक्वेट्रमवर घासू शकते. पण हात पालथा करून किंवा मूठ आवळून काढलेल्या फिल्मवर अल्ना लांब भासते आणि उताणा केला की आखूड. म्हणून मोजमाप फक्त व्यवस्थित पीएवर. फिरलेल्या हाताच्या फिल्मवर ‘प्लस १ मिलिमीटर’ लिहिणं निरर्थक आहे.

सुटी हाडं आणि जुळलेली हाडं

मनगटात सुट्या जादा हाडांची नावं पुष्कळ आहेत, पाठ करायची गरज नाही. काही जागा ओळखीच्या हव्यात. स्टायलॉइडियम मनगटाच्या मागच्या बाजूला दुसऱ्या-तिसऱ्या मेटाकार्पलच्या बुडाशी असतं, कधी तिथे कडक उंचवटा हाताला लागतो आणि दुखतोही. ट्रँग्युलेअर किंवा ल्युन्युला अल्नाच्या स्टायलॉइडच्या टोकापाशी, हॅमुली प्रोप्रियम हॅमेटच्या हुकाच्या टोकाला, व्हेसालियानम पाचव्या मेटाकार्पलच्या बुडाशी, सेंट्राले स्कॅफॉइड, कॅपिटेट आणि ट्रॅपेझॉइडच्या मधे.

खरं काम आहे ते हाड आणि फ्रॅक्चरचा तुकडा यांत फरक करण्याचं. जादा हाड सगळीकडून गुळगुळीत असतं आणि त्याच्याभोवती पूर्ण पांढरी कॉर्टेक्सची कड असते. फ्रॅक्चरच्या तुकड्याची एक बाजू खडबडीत, कड नसलेली असते, आणि फुटलेल्या बशीच्या तुकड्यासारखी शेजारच्या हाडात त्याची नेमकी जागा सापडते. घोळ होतो तो जुन्या, न जुळलेल्या फ्रॅक्चरमुळे. त्याच्याही कडा कालांतराने गुळगुळीत होतात. म्हणूनच दुभागलेल्या स्कॅफॉइडचं निदान करताना फार जपून राहावं. ‘जन्मतःच दोन तुकडे’ म्हणून लिहिलेले बरेच स्कॅफॉइड प्रत्यक्षात जुनी फ्रॅक्चर्स असतात, असंच माझं मत आहे.

दोन कार्पल हाडं जन्मतः जुळलेली असणं, म्हणजे कोएलिशन, सगळ्यात जास्त ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रममध्ये दिसतं, मग कॅपिटेट आणि हॅमेटमध्ये. एकाच रांगेतली जोडी बहुधा निरुपद्रवी असते. दोन रांगांमधली हाडं जुळलेली दिसली तर एखाद्या सिंड्रोमचा किंवा जुन्या संधिवाताचा विचार करा. ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रम जुळलेले असताना स्कॅफॉइड-ल्युनेट फट रुंद दिसू शकते, तिला लिगामेंटची इजा समजू नये.

हाडातले छोटे दाट ठिपके हे बोन आयलंड असतात. रक्तवाहिनीची वाट बारीक, कडेला पांढरट रेघ असलेली आणि एकाच कॉर्टेक्समध्ये तिरकी दिसते.

मुलांचं मनगट

कॅपिटेट आणि हॅमेट पहिल्या काही महिन्यांतच दिसतात. रेडियसचं केंद्र वर्षाच्या आसपास, ट्रायक्वेट्रम तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, मग ल्युनेट, पुढे स्कॅफॉइड, ट्रॅपेझियम आणि ट्रॅपेझॉइड. अल्नाचं खालचं केंद्र पाच-सहा वर्षांना आणि पिसिफॉर्म सगळ्यात शेवटी, आठ ते बारामध्ये. पिसिफॉर्म उगवताना तुकड्या-तुकड्यांचा दिसतो, ते नॉर्मल आहे. अल्नाचा स्टायलॉइड वेगळ्या केंद्रातून वाढू शकतो आणि पुढे सुटाच राहतो.

लहान मुलांत अल्नाची मेटाफायसिस (फायसिसलगतचा हाडाचा रुंद भाग) किंचित खोलगट दिसली म्हणून मुडदूस लिहू नका. मुडदुसात रेडियसची कडही विस्कटलेली असते आणि फायसिस रुंद होते. फायसिसला अगदी चिकटून मेटाफायसिसच्या कडेला बारीक पायरी किंवा टोक असू शकतं, ते नॉर्मल. पण फायसिसपासून दोन-तीन सेंटिमीटर वर कॉर्टेक्सला छोटासा फुगवटा किंवा घडी दिसली आणि मूल तिथे बोट लावू देत नसेल, तर ते टोरस फ्रॅक्चर आहे. कॉर्टेक्सची रेषा दोन्ही व्ह्यूत, दोन्ही बाजूंनी, सावकाश बघा.

रिपोर्ट लिहिण्याआधी

वेगळं काही दिसलं की बोट पुन्हा रुग्णाच्या हातावर ठेवा. दुखरी जागा आणि फिल्मवरची शंका एकाच ठिकाणी आहेत का? नसतील तर तो प्रकार नॉर्मलच असण्याची शक्यता वाढते. असतील तर कड कितीही गुळगुळीत दिसो, नुसतं ‘नॉर्मल व्हेरियंट’ लिहून मोकळे होऊ नका. जुनी फिल्म मिळाली तर तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

उलट परिस्थितीही येते. फिल्म स्वच्छ आहे, कमानी सलग आहेत, पण अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या खोबणीत, म्हणजे स्नफबॉक्समध्ये, दाबल्यावर रुग्ण हात मागे ओढतो. स्कॅफॉइडचं फ्रॅक्चर पहिल्या दिवशी एक्स-रेवर लपू शकतं. मनगट अल्नाच्या बाजूला कलवून स्कॅफॉइड व्ह्यू घ्या. तोही स्वच्छ असेल तर हात स्थिर ठेवा आणि १० ते १४ दिवसांनी फिल्म पुन्हा काढा, किंवा सोय असेल तर लगेच एमआरआय करा. आणि रिपोर्टमध्ये ‘फ्रॅक्चर नाही’ असं न लिहिता ‘या फिल्मवर फ्रॅक्चर दिसत नाही, स्कॅफॉइडचा संशय कायम’ असं स्पष्ट लिहा, म्हणजे पुढचा डॉक्टर प्लास्टर घाईने काढणार नाही.